तळ्याकाठची तहान

गेल्या मे महिन्यात आमच्या बचत गटाच्या बायकांची सहल महाबळेश्वरला गेली. कडेगावच्या उन्हातून निघालो आणि पसरणीचा घाट चढल्यावर पदर अंगाभोवती लपेटून घ्यायची वेळ आली! साडेचार हजार फुटांची उंची ती.

संध्याकाळी वेण्णा लेकवर गेलो. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला हा तलाव. नावा, घोडे, लालचुटुक गाजरं, स्ट्रॉबेरी आणि भाजलेल्या कणसांचा वास. आमच्या बायका तर लेकी-सुनांचं वय विसरून नावेत बसल्या.

मी मात्र कणसं भाजणाऱ्या बाईजवळ टेकले. जवळच्याच वाडीतली. सहज म्हटलं, "तुमची मजा आहे बाई, रोज थंडगार पाण्याकाठी बसायचं!"

ती हसली. "ताई, हे पाणी बघायचं. वाडीतली विहीर मार्चातच आटते. पहाटे हंडा भरून ठेवते, तेव्हा कुठं इथं येते. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, म्हणून दोन पैसे आत्ताच मिळवायचे."

मी गप्पच झाले. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा डोंगर! पण उतारावर पाणी ठरत नाही; धो धो कोसळतं आणि दऱ्यांतून निघून जातं.

जातं कुठं? मैत्रिणींनो, आपल्याकडेच की! कृष्णा आणि कोयना इथल्याच. कराडला त्यांचा प्रीतिसंगम होतो. वेण्णा त्याआधीच माहुलीला कृष्णेला मिळालेली असते. कराडच्या खाली टेंभूला हेच पाणी पंपांनी उचलतात आणि ते आपल्या कडेगाव तालुक्याच्या रानात येतं. टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या आपण, आज उसाला पाणी सोडून निवांत झोपतो. कधी कधी तर बांध फुटून पाणी ओढ्याला जातं, तरी उठत नाही.

परतताना गाडीत भेंड्या रंगल्या होत्या. माझ्या मांडीवर स्ट्रॉबेरीचा खोका होता, पण डोळ्यांसमोरून तो पहाटेचा हंडा हलेना.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. अंगणातला गळका नळ दुरुस्त करून घेतला. त्यानं तिची विहीर भरणार नाही, हे मलाही कळतं. पण माहेरून आलेली शिदोरी आपण सांडतो का कधी? मग डोंगरातून आलेलं पाणी तरी का सांडावं?