जुना कपडा देण्याआधी...

नवरात्र जवळ आले की घरोघरी अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवलीसारख्या गावात तर हे काम टाळून चालतच नाही. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या साड्या, चादरी, गोधड्या यांना ओल आणि कुबट वास लागलेला असतो. या आवराआवरीत नको असलेल्या कपड्यांचा ढीग वेगळा पडतो. त्यातले काही भांड्यांच्या बदल्यात बोहारणीकडे जातात, काही जवळच्या वाडीवर वाटले जातात, तर उरलेले अनेकदा पेटवून दिले जातात. कोणत्या कपड्याचे काय करावे, हे मात्र त्याची स्वच्छता आणि त्याचा धागा पाहून ठरवायला हवे.

आधी स्वच्छतेचे पाहू. खरजेचे सूक्ष्म किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवस जगतात. नायट्याची बुरशी मात्र कापडावर कित्येक महिने टिकू शकते. न धुता दिलेल्या कपड्याबरोबर घेणाऱ्याच्या घरात त्वचारोगही जाऊ शकतो. म्हणून चालणारे कपडे साधारण ६० अंश सेल्सिअस गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून कडक उन्हात वाळवावेत आणि शिवणींवरून इस्त्री फिरवावी. दमट कपडा पिशवीत कोंबला, तर बुरशीला आयतेच घर मिळते. वापरलेली अंतर्वस्त्रे कोणालाही देऊ नयेत.

आता धागा. सुती कापड म्हणजे सेल्युलोज. ते पाणी शोषते आणि मातीत कुजते. त्यामुळे विटलेली सुती साडी बाळाच्या दुपट्यासाठी, पुसण्यासाठी किंवा गोधडीसाठी उत्तम. गोधडीत कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते, म्हणूनच तिची ऊब टिकते. पॉलिस्टर मात्र पाण्याच्या बाटलीच्याच जातीचे प्लॅस्टिक आहे. ते घाम नीट शोषत नाही, सहज कुजत नाही आणि जाळले तर घातक धूर होतो. असा धडका कपडा वापरात ठेवणे, दुसऱ्याला देणे किंवा त्याच्या पिशव्या शिवणे हेच बरे.

फाटक्या कपड्यांपासून पुन्हा सूतही निघते. हरियाणातील पानिपत या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. तेथे चिंध्या पिंजून त्यांच्या सुताची ब्लँकेट विणतात. मात्र पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि सूत कमजोर बनते. सुती आणि पॉलिस्टर धाग्यांची सरमिसळ असेल, तर ते वेगळे करणे आणखी अवघड जाते.

देण्याची वेळही महत्त्वाची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि घरे गाडली गेली. अशा संकटात मदतीला हात सरसावतात, ही चांगलीच गोष्ट. पण २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत निरुपयोगी जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. ते उचलणे हेच वेगळे काम होऊन बसले. म्हणून आधी गरज विचारावी. माप, ऋतू आणि वापर पाहून कपड्यांचे गठ्ठे वेगळे बांधावेत आणि त्यावर तसे लिहावे.

ज्या कपड्याचे बटण तुटले आहे, त्याला ते लावूनच तो द्यावा. हा कपडा आपल्या घरातल्या माणसाने उद्या अंगात घातला असता का, याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो वाडीवर पाठवू नये. सुती असेल तर गोधडीत घालावा, नसेल तर पिशवी शिवावी.