कोंडलेल्या वायूशी गाठ

एप्रिल उजाडला, की वातानुकूलक दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला क्षणाची फुरसत नसते. यंत्र चालू आहे, पंखा फिरतो आहे, पण हवा काही थंड येत नाही. मेकॅनिक येतो, तांब्याच्या नळीला हात लावून पाहतो आणि सांगतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." घरमालक मान डोलावतो. स्वयंपाकघरातला गॅस संपतो तसाच हाही संपला असेल, असे त्याला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मात्र मान डोलावण्याआधी थोडा विचार करा. स्वयंपाकाचा गॅस जळतो, म्हणून संपतो. वातानुकूलकातला वायू जळत नाही आणि झिजतही नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षे फेऱ्या मारत असतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. या रांजणातून गळते ते मात्र पाण्याइतके निरुपद्रवी नसते.

या वायूला प्रशीतक म्हणतात. वातानुकूलक हा वस्तुतः उष्णतेचा पंप आहे. खोलीतली उष्णता उपसून तो बाहेर टाकतो. थंड देशांत हेच यंत्र उलट चालवून बाहेरच्या गार हवेतली उष्णता घरात आणतात. दोन्हींतले तत्त्व तुमच्या पाठ्यपुस्तकातले आहे. द्रवाचे बाष्प होताना तो अप्रकट उष्मा शोषून घेतो आणि बाष्पाचा पुन्हा द्रव होताना तोच उष्मा बाहेर टाकतो. हे खोलीच्या तापमानाच्या आसपास घडवून आणायचे, तर उत्कलनबिंदू फार खाली असलेला पदार्थ लागतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा प्रशीतक वातावरणाच्या दाबाखाली उणे ४१ अंश सेल्सिअसला उकळतो, तर हल्ली सर्रास आढळणारा आर-३२ उणे ५२ अंशांना.

मेकॅनिकला असलेले धोके याच एका गुणधर्मातून निघतात. उणे ५२ अंशांना उकळणारा पदार्थ ४० अंशांच्या उन्हात द्रवरूप ठेवायचा, तर त्यावर वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो. शिटी होण्याच्या बेतात असलेल्या कुकरमधला दाब जेमतेम दोन वातावरणांइतका असतो, यावरून कल्पना करा. अशा नळीचा नट निष्काळजीपणे सैल केला, तर द्रवाची चिळकांडी हातावर उडते, तिथेच उकळते आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कातडीतून ओढून घेते. काही क्षणांत कातडी गोठते. हिमालयातल्या गिर्यारोहकाला होणारा हिमदंश असा नागपूरच्या भर उन्हाळ्यात गच्चीवर काम करणाऱ्यालाही होऊ शकतो. डोळ्यात थेंब गेला, तर दृष्टीवरच बेतते. म्हणून हातमोजे आणि बंद चष्मा.

आता सिलिंडरकडे वळू. यंत्रातून काढलेला प्रशीतक सिलिंडरमध्ये साठवताना तो कधीही काठोकाठ भरायचा नाही, आकारमानाच्या ८० टक्क्यांवर थांबायचे, असा नियम आहे. का, ते गणिताने पाहू. द्रवरूप आर-२२ च्या एका लिटरचे वस्तुमान २५ अंशांना सुमारे १.१९ किलोग्रॅम असते, ६० अंशांना सुमारे १.०३. म्हणजे तेवढाच द्रव तापल्यावर साधारण साडेपंधरा टक्के जास्त जागा मागतो. सिलिंडर ८० टक्के भरला असेल, तर ६० अंशांना द्रव ९२ टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि वर थोडे बाष्प उरते. पण तो ९० टक्के भरला असेल तर? गुणाकार करा. उत्तर १०४ टक्के येते. शंभराच्या भांड्यात एकशे चार मावत नाहीत आणि द्रव दाबला जात नाही. सुरक्षा-झडप वेळेवर उघडली नाही, तर पोलादी सिलिंडर फुटतो. टेम्पोच्या मागे उन्हात ठेवलेल्या सिलिंडरला ६० अंश गाठणे मुळीच अवघड नाही. चांगला मेकॅनिक म्हणूनच सिलिंडर तराजूवर ठेवून भरतो, अंदाजाने नाही.

याहून फसवा धोका संपीडकात, म्हणजे ज्याला सगळे कॉम्प्रेसर म्हणतात त्यात, दडलेला आहे. यंत्र एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असले, की मेकॅनिक 'पंप-डाऊन' करतो. बाहेरच्या पेटीवरची द्रवाची झडप बंद करून संपीडक चालू ठेवायचा, म्हणजे सगळा प्रशीतक बाहेरच्या पेटीत गोळा होतो. मग दुसरी झडप बंद करायची, लगेच यंत्र थांबवायचे आणि त्यानंतरच नळ्या सोडायच्या. पद्धत उत्तम आहे, पण घाईत कुणी संपीडक चालू असतानाच नळी सोडली, तर तो प्रशीतकाऐवजी हवा ओढू लागतो. पुढची वाट बंद, त्यामुळे हवा दाबली जाते आणि तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक तापते, हे तुम्ही अनुभवले असेलच. हवा ३० पट दाबापर्यंत झटकन दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर ३० अंशांची हवा गणिताने ५०० अंशांच्याही वर जाते. संपीडकात वंगणाच्या तेलाचे तुषार असतातच. गरम दाबलेली हवा आणि तेल! डिझेल इंजिन यावरच चालते. फरक इतकाच, की ते इंजिन स्फोट सोसण्यासाठी बनवलेले असते, वातानुकूलकाची पेटी नव्हे. जपानमध्ये अशा स्फोटांबद्दल कारागिरांना जाहीर इशारे द्यावे लागले आहेत. गळती तपासण्यासाठी नळ्यांत दाब द्यायचा तो कोरड्या नायट्रोजनचाच, प्राणवायूचा कधीही नाही, या नियमाचे कारणही हेच तेल आहे.

हे सगळे टाळावे म्हणून शास्त्रज्ञांनी फार धडपड केली आहे. पूर्वी घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळक्या शीतकपाटामुळे बर्लिनमधील एक कुटुंब मृत्युमुखी पडल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्याबरोबर हलते भाग नसलेल्या शीतकपाटाचे आराखडे तयार केले. पण बाजी मारली ती अमेरिकेच्या टॉमस मिजली यांनी. त्यांनी १९३० मध्ये आपल्या नव्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूचा श्वास छातीत भरून घेतला आणि तो मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखवली. विषारी नाही, जळत नाही, आणखी काय हवे? पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले, की हे टिकाऊ वायू वर ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तेथे सुटलेला क्लोरीन ओझोन फोडतो. मग १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनची मोठी घट दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला.

नव्या प्रशीतकांत क्लोरीन नाही, पण त्यांनी दुसरे काम आपल्यावर टाकले. आर-३२ चा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवतो. जुना आर-२२ सुमारे १,८०० किलोइतके. शिवाय आर-३२ मंदपणे का होईना, जळतो. आर-२९० या नावामागे तर चक्क प्रोपेन आहे. त्याचा तापमानवाढीतील वाटा नगण्य, पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो आणि त्याला तो ओळखीचा उग्र वासही दिलेला नसतो. हवेत तो २.१ टक्के झाला, की ठिणगी पुरते.

समजा, १२ चौरस मीटरच्या आणि तीन मीटर उंच खोलीत ३०० ग्रॅम प्रोपेन गळला. त्याचा वायू होतो सुमारे १६७ लिटर. खोलीभर नीट मिसळला, तर तो अर्धा टक्काही भरत नाही. पण प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो खालीच साचून जमिनीलगतच्या ६० सेंटिमीटर थरात राहिला, तर तिथे २.३ टक्के होतात! म्हणून अशा यंत्रावर काम करताना दारे-खिडक्या उघडायच्या, पंख्याने हवा खेळती ठेवायची, विडी-काडी दूर, आणि वायू आत असताना नळीला डाग देण्यासाठी ज्योत पेटवायची नाही. आर-२२ असला, तरी ज्योतीचा नियम तोच. तो पेटत नाही, पण ज्योतीत त्याचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांची वाफ निघते, अल्पसा फॉस्जिनही होतो. फॉस्जिन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू.

मग मेकॅनिकने काय करावे? जुना प्रशीतक हवेत न सोडता यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये घ्यावा. गळकी जागा साबणाच्या फेसाने शोधून दुरुस्त करावी. त्यानंतर नळ्या निर्वात पंपाने रिकाम्या कराव्यात. 'थोडा गॅस सोडला, की हवा निघून जाते' ही सवय स्वस्त वाटते खरी, पण नळीतली ओल तशीच राहते. पारा ३२ मिलिमीटरच्या खाली उतरला, की पाणी ३० अंशांनाच उकळते. पंप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दाब उतरवतो, म्हणजे ओल वाफ होऊन निघून जाते. ती राहिली, तर बारीक नळीत बर्फ होऊन अडते. हे सारे करायला दोन-तीन तास लागतात. घरमालक अर्ध्या तासाच्या कामाचेच पैसे देणार असेल, तर मेकॅनिक तरी कुठवर नियम पाळणार?

घरातल्या किंवा शाळेतल्या यंत्रावरची पट्टी वाचून पाहा. प्रशीतकाचे नाव आणि त्याचे ग्रॅम तिच्यावर छापलेले असतात. ग्रॅमला रेणुभाराने भागा आणि २४.५ ने गुणा, म्हणजे खोलीच्या तापमानाला किती लिटर वायू आत कोंडलेला आहे ते मिळेल. रेणुभार असे: आर-२२ चा ८६.५, आर-३२ चा ५२, आर-२९० चा ४४. शीतकपाटावर आर-६०० ए लिहिलेले असेल, तर तो आयसोब्युटेन, रेणुभार ५८. त्याचे ५० ग्रॅम असतील, तर उत्तर सुमारे २१ लिटर यायला हवे.