एका पाण्याला सोळा हजार टँकर!

गिरगावात किंवा परळला, फुटपाथवरच्या एखाद्या जुन्या पर्जन्यवृक्षाला भर मे महिन्यात पोटभर पाणी पाजायचं तर किती लागेल? बादलीभर? चला, हिशेब मांडू. झाडं राखणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा : खोडाचा व्यास जितके सेंटिमीटर, त्याच्या १५ पट लिटर. खोड ६० सेंटिमीटर जाड, म्हणजे एकट्याच्या कवेत न मावणारं. त्याला ९०० लिटर. पंधरा लिटरचे ६० हंडे. आणि हे फक्त एका झाडाचं, एक पाणी!

आता अख्खं शहर घ्या. महापालिकेच्या गणनेत मुंबईची झाडं भरली २९ लाख ७५ हजार, त्यातली रस्त्याकडेची सुमारे १ लाख ८५ हजार. सगळी अशीच दांडगी धरली तर एका पाण्याला १६ कोटी ६५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे १६,६५० टँकर. प्रत्येकाला ९ मीटर जागा द्या आणि एकामागे एक उभे करा. रांग १५० किलोमीटर! पहिला टँकर पुण्यात, शेवटचा अजून दादरला. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ५० वाघिणींची गाडी आठवते? एका खेपेला २५ लाख लिटर. तशा ६७ गाड्या लागतील.

बरं, एवढं ओतून मुरणार कुठे? चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळ असते, हवेची नि पाण्याची. लालबागच्या फुटपाथखाली वर्षानुवर्षं पावलांनी नि चाकांनी ती पोकळी चेपून टाकलीय. अळ्यात पहार मारली तर ठण्ण वाजते. अशा मातीवर धो धो पाणी सोडलं की ते सरळ गटारात. नळी बारीक सोडायची, तासन् तास, आणि बुंध्याशी नाही, फांद्यांच्या टोकांखाली. पहारीने हातभर खोल भोकं पाडायची, त्यात कंपोस्ट भरायचं, वर पालापाचोळा पसरायचा. तोच पाला, जो आपण रोज झाडून कचऱ्यात देतो!

आणि आता वर बघा. कुलाब्याला वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. १२ मीटर पसाऱ्याच्या एका झाडावर त्यातलं अडीच लाख लिटर पाणी कोसळतं. शंभरेक वर्षांपूर्वी मंचेरजी जोशींनी वसवलेल्या दादर पारसी कॉलनीत अशी दहा झाडं मोजा : लातूरची अख्खी गाडी भरली! मीटरभर लांबीरुंदीच्या चौकोनी अळ्याच्या वाट्याला मात्र त्यातले जेमतेम २,२०० लिटर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं. आपण तेवढंच करू. जाड खोडाभोवतीचं हे कडं पाच चौरस मीटर भरतं. ११ हजार लिटर. एकेका झाडाला टँकरहून जास्त, तेही फुकट! रस्त्याकडेची सगळी झाडं मिळून २ लाख टँकर. रांग दिल्ली मागे टाकून चंदीगडच्याही पलीकडे.

हे झालं नुसत्या कड्याचं. या सगळ्या झाडांच्या पसाऱ्यावर पडणारा पूर्ण पाऊस टँकरांत भरला तर? ४,६२५ कोटी लिटर. अख्ख्या मुंबईला बारा दिवस पुरेल इतकं पाणी. ४६ लाख २५ हजार टँकर. रांग ४१,६०० किलोमीटर : विषुववृत्तावरून पृथ्वीला पुरता वेढा घालून वर दीड हजार किलोमीटर शिल्लक!