वाळवंटातला ट्रक १:३५ मध्ये उभा करताना

आज आपण एक छोटं लष्करी वाहन आणि त्याच्याभोवतीचं वाळवंट कसं उभं करायचं, हे समजून घेणार आहोत. उदाहरण घेऊया ब्रिटिशांच्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या शेव्हरोले ट्रकचं. राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९४० मध्ये इजिप्तमध्ये ही तुकडी उभी केली. शत्रूच्या पिछाडीला, शेकडो किलोमीटर आत शिरून टेहळणी करणं हे तिचं मुख्य काम.

प्रमाण १:३५ धरलं, तर पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. आता ट्रककडे पाहा. टप नाही, दारं नाहीत. बाजूला लांब पोलादी पन्हळी आहेत. चाक रुतलं की त्या चाकाखाली घालायच्या. पुढे पाण्याचा एक डबा आहे. रेडिएटरमधली वाफ नळीने त्यात जायची, तिथे थंड होऊन पाणी व्हायची आणि इंजिन निवलं की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. म्हणजे थेंबही वाया नाही! हा डबा किटमध्ये नसेल, तर प्लास्टिकचा तुकडा आणि बारीक तार वापरून आपण तो करतो.

एवढा आटापिटा कशासाठी? ३१ जानेवारी १९४१ ला लिबियात या तुकडीचे काही ट्रक चकमकीत जळाले. मागे राहिलेले चार जण नऊ लिटरहूनही कमी पाणी घेऊन चालत निघाले. दहा दिवस, सुमारे ३४० किलोमीटर. त्यातला एक वाचला नाही. मॉडेलवरचे पाण्याचे डबे ही शोभा नव्हे, ते यासाठी नीट बांधायचे.

रंगाचं बघू. बाटलीतला रंग थोडा पांढरा मिसळून फिका करावा, कारण लांबून पाहिलेली वस्तू फिकी दिसते. कोरड्या हवेत गंज कमी, म्हणून सगळीकडे तपकिरी डाग नकोत. वाळूने घासून उघडा पडलेला धातू फक्त कडांवर, जवळजवळ कोरड्या ब्रशने दाखवायचा.

आता वाळू. इथे बरेचजण खरी वाळू टाकतात, आणि गणित तिथेच फसतं. ०.३ मिलिमीटरचा कण ३५ पट केला की साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे छोल्याएवढा खडा! त्यापेक्षा दगडाच्या भुकटीची रांगोळी वस्त्रगाळ करून घ्या, थर्माकोलवर पातळ फेविकॉल लावा आणि वरून ती भुरभुरवा. फक्त प्लास्टिकचा गोंद आणि स्प्रे थर्माकोलपासून दूर ठेवा, तो विरघळतो.

टेकडीचा आकारही मनाला येईल तसा नाही. वारा येतो त्या बाजूचा उतार सौम्य, पलीकडचा सुमारे ३३ अंशांचा. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. खऱ्या वाळूवरच्या लाटा दहा सेंटिमीटर अंतरावर असतील, तर आपल्याकडे जेमतेम तीन मिलिमीटर. बॅग्नॉल्ड यांनी वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर १९४१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासला जातो. म्हणजे ट्रक आणि वाळू, दोन्ही एकाच माणसाचे विषय.

तेव्हा गोंद उघडण्याआधी एक कागद घ्या. त्यावर वाऱ्याची दिशा, ट्रक कुठून आला आणि पाणी कुठे ठेवलंय, एवढं लिहा. पुढची कामं त्यावरून ठरवता येतात.