मातीतील आयनांची देवघेव

यॉर्कशायरचे एक जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांच्या निरीक्षणावरून सूचना घेऊन थॉमस वे या इंग्रज रसायनज्ञाने १८५० च्या सुमारास अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून झिरपू दिले, तेव्हा खाली उतरलेल्या पाण्यात अमोनियाऐवजी कॅल्शियम आलेले त्यास आढळले, आणि तेही सममूल्य प्रमाणात. मातीची ही चोख देवघेव बव्हंशी तिच्यातील स्तरित सिलिकेट खनिजे करतात.

दख्खनच्या काळ्या जमिनीत प्राबल्य असलेल्या माँटमोरिलोनाइटसदृश खनिजाचा पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका जाड. दोन सिलिकाथरांमध्ये अॅल्युमिनाचा एक थर, अशी त्याची घडण. मधल्या थरात काही ठिकाणी त्रिभारी अॅल्युमिनियमची जागा द्विभारी मॅग्नेशियमने बळकावलेली असल्यामुळे जो ऋणभार शिल्लक राहतो, त्याची भरपाई करण्यासाठी कॅल्शियम, सोडियम इत्यादींचे धनभारित आयन पापुद्र्यांच्या फटींत पाण्यासह मुक्कामास येतात. ही काही वतनदारी नव्हे. दुसरे आयन पुरेशा संख्येने दाखल झाले की पहिल्यांना जागा खाली करावी लागते.

आता कोणाचा मुक्काम आहे, यावर शेतकऱ्याचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते. कॅल्शियम असेतोवर मातीचे कण एकत्र राहतात. सोडियमचा अंमल वाढला की ते पाण्यात फुगून विलग होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते आणि कालव्याखालची उत्तम उसाची जमीन चोपण होऊन बसते. त्यावर जिप्सम घालतात ते त्यातील कॅल्शियमने सोडियमला हुसकावून लावावे म्हणून. मात्र निचऱ्याचे चर आधी खणलेले नसतील, तर हुसकावलेला सोडियम शेतातच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.