फेकणंही शिकवावं लागतं

भंडारा, साकोली, पवनी... कुठल्याही प्राथमिक शाळेत लगोरी खेळणारी पहिली-दुसरीतली मुलं बघा. उजव्या हाताने फेकणारी बरीच मुलं पायही उजवाच पुढे टाकतात. कंबर वळत नाही, सगळा जोर एकट्या हाताचा. वय वाढलं की हे आपोआप सुधारतं, हा गैरसमज आहे.

साहित्य महागडं नको. जुन्या मोज्यात चिंध्या भरा, चेंडू तयार. पण प्रत्येकाला एक हवा. तीस मुलांत एकच असला तर खेळाचा तास रांगेतच संपतो. भिंतीकडे खांदा करून उभं राहायचं, फेकत्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे टाकायचा, कंबर वळवून जोरात फेकायचं. नेम नंतर. आधीच नेम मागितला की मूल हात आखडतं.

मुलींच्या हाती आपण चेंडू देत नाही आणि वर ‘पोरीसारखं फेकतो’ म्हणून पोरांना हिणवतो! फरक बराचसा सरावाचा असतो. फेकता-झेलता न येणारी मुलं हळूहळू मैदानाच्या कडेला बसू लागतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. ती मग कुठून व्हायची?

खांदा किंवा कोपर दुखला तर मात्र फेकणं थांबवा. या वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा नाजूक असते. दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.