पायी एक, सायकल दोन, एस.टी. तीन

2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याचा क्रमांक 511, हिंगोलीचा 512 आणि परभणीचा 513 आहे. औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. म्हणून गावाचे काही 'एकाने कमी' झाले असे कोणी म्हणणार नाही. पण हेच आकडे संगणकाला दिले, तर तो बेलाशक तसे समजतो.

समजा, जवळा बाजारच्या एका शाळेतून दहावी झालेल्या 120 मुलींची पाहणी केली. (आकडे कल्पित आहेत.) मुलगी पुढे शिकते आहे का, आणि शाळेत ती कशी येत असे: पायी 1, सायकल 2, एस.टी. 3. प्रत्येक गटात 40 मुली. पुढे शिकणाऱ्या अनुक्रमे 30, 32 आणि 20.

उत्तर होय-नाही असे असते तेव्हा लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. शिकणाऱ्यांना न शिकणाऱ्यांनी भागायचे आणि त्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्यायचा. येथे गुणोत्तरे 3, 4 आणि 1. त्यांचे नैसर्गिक लॉगॅरिदम 1.10, 1.39 आणि 0.

आता 1, 2, 3 हे खरेच आकडे मानले तर संगणक एकच सरळ रेषा काढतो. पायी गट वर, एस.टी. खाली, सायकल बरोबर मध्ये. सायकलचा गट सर्वांत पुढे होता, हे अहवालातून नाहीसेच होते! आणि गावात सायकली द्याव्यात की नाही, हे त्याच अहवालावर ठरायचे असेल तर?

उपाय साधा आहे. 'सायकल आहे का' आणि 'एस.टी. आहे का' असे 0-1 चे दोन रकाने करायचे. दोन्हीत 0 म्हणजे पायी. तिसरा रकाना घालू नये. तिन्हींची बेरीज नेहमी 1 येते, आणि तो स्थिरांक समीकरणात आधीच असतो. पायी गट आधार धरला की सायकलचा सहगुणक 0.29 येतो, एस.टी.चा उणे 1.10. (एस.टी.ला बोल लावू नये. त्या मुली लांबच्या गावांतून येतात, दोष बहुधा अंतराचा.)

'आर'मध्ये अशा रकान्याला 'फॅक्टर' म्हणून सांगावे लागते. मग पहिला वर्ग आधार होतो. एसपीएसएसमध्ये 'कॅटेगोरिकल' म्हणून नोंदवले, की आपण न सांगता शेवटचा वर्ग आधार धरला जातो. त्यामुळे तीच माहिती देऊनही तिथे पायीचा सहगुणक 1.10 आणि सायकलचा 1.39 दिसतो. गोंधळू नये. प्रत्येक गटाची शक्यता दोन्हीकडे तीच निघते: 0.75, 0.80, 0.50.

सायकलवाल्या चाळीसही मुली शिकत राहिल्या असत्या तर मात्र भागाकार 40 भागिले 0. अशा वेळी संगणक भलामोठा सहगुणक आणि त्याहून मोठी प्रमाण त्रुटी छापतो. तेव्हा वर्ग जोडून पाहावेत, किंवा फर्थ यांची 1993 ची दुरुस्त पद्धत वापरावी.